लेकरांचा वाटा

आपल्या वस्त्यांत एक काळ असा होता की माणूस गेला तर मागे उरायचे ते सावकाराचे देणे, एक पत्र्याची पेटी आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो. वाटणीवरून भांडण होण्याचा प्रश्नच नसे, कारण वाटायला काही नसे. आता तसे राहिलेले नाही. मुले शिकली, कुणी कार्यालयात लागले, कुणी कारखान्यात. पगारातून पीएफ कापला जाऊ लागला. त्यामुळे घरातला कर्ता माणूस अवेळी गेला, तर दुःख ताजे असतानाच चार-पाच लाखांचे कागद घरात येतात. मग प्रश्न उभा राहतो, हा पैसा कुणाचा? म्हातारी आई आपले म्हणणे मांडते, भाऊ मांडतात, सासर-माहेरचे मांडतात. ज्याला मांडता येत नाही असा एकच वाटेकरी घरात असतो, तो म्हणजे लहान मूल. ते मागत नाही म्हणून त्याचाच वाटा सर्वांत आधी विसरला जातो.

आम्ही कारकुनी करतो. बी. कॉम. झालो आणि टेबलाला चिकटलो. संध्याकाळी समाजमंदिरात बसून लोकांचे अर्ज लिहून देणे, पेन्शनचे फॉर्म भरणे, दाखल्यांसाठी खेटे घालणे हे काम गेली वीस वर्षे चालू आहे. दुसऱ्यांच्या घरचे कागद पुष्कळ पाहिले होते. २०१७ साली ते कागद आमच्याच घरात आले.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. हृदयविकाराने अचानक गेले. मागे वहिनी, अकरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि आमची आई. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले आणि उरलेल्या जवळच्या माणसांत पैशाची गोष्ट निघाली. पीएफ आणि त्याला जोडलेला विमा मिळून ५,४०,००० रुपये येणार होते. ग्रॅच्युइटीचे १,१२,००० होते. शिवाय गावाकडच्या जमिनीतला हिस्सा.

सल्ले देणारे कमी नव्हते. धाकट्या भावाला रिक्षा घ्यायची होती. तो म्हणाला, रिक्षा घेतली तर रोजचा पैसा येईल, वहिनींचे घरही त्यातूनच चालेल. एका नातेवाइकाने बारा टक्के व्याज देणारी पतसंस्था सुचवली. कुणी म्हणाले, गावच्या घरावर स्लॅब टाका, पोरांनाच उपयोगी पडेल. आणि एका ज्येष्ठांनी आमच्याकडे बोट दाखवून सांगितले, "हे शिकलेले आहेत, सरळमार्गी आहेत, सगळा पैसा यांच्या नावावर ठेवा."

यांतला कुणीही वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. लेकरांचे पैसे बुडवावेत असे कुणाच्याही मनात नव्हते. पण लेकरांचा पैसा बहुतेक वेळा चोर नेत नाहीत, तो मायेच्या माणसांच्या हातूनच संपतो. "घरातच तर राहिला," असे म्हणत संपतो.

आमच्या नावावर ठेवण्यास आम्ही तेथेच नकार दिला. उद्या आमचे काही बरेवाईट झाले तर आमच्या नावावरच्या पैशाला आमची बायको-मुले वारस ठरतील. आमच्यावर कर्ज झाले तर देणेकरी त्याच खात्याकडे पाहतील. माणूस कितीही सरळ असला तरी खाते ज्याच्या नावावर, पैसा त्याचा असेच जग धरते. तेव्हा मुलाचा पैसा मुलाच्याच नावावर पाहिजे आणि त्यावर सही पालकाची. हा पहिला नियम.

मग वाटे ठरवायचे होते. दादांनी पीएफचे नामांकन लग्नाआधी केलेले, त्यात आईचे नाव होते. धाकटा म्हणाला, नॉमिनी आई आहे, म्हणजे सगळे आईचे. असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. पण पीएफच्या योजनेत स्पष्ट नियम आहे की सभासदाने लग्न झाल्यावर नवे नामांकन करायचे असते आणि लग्नापूर्वीचे नामांकन रद्द समजले जाते. वैध नामांकन नसेल तर रक्कम कुटुंबातील माणसांत समसमान वाटली जाते. आई दादांवरच अवलंबून होती, म्हणून तीही कुटुंबात आली. वहिनी, आई, मुलगा, मुलगी असे चार वाटे, प्रत्येकी १,३५,०००.

नॉमिनीचा हा घोळ अन्य ठिकाणीही होतो. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक ठरतो तो वारस, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये तसाच निर्णय झाला.

ग्रॅच्युइटीचे नामांकन दादांनी केलेच नव्हते. ती वारसांना गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. वडील या पहिल्या वर्गात नाहीत, भाऊ तर नाहीतच. म्हणजे येथेही चार वाटे, २८,००० चे. यातील लहान मुलांचा वाटा हाती देण्याऐवजी नियंत्रण अधिकाऱ्याकडे जमा करून मूल सज्ञान होईपर्यंत गुंतवून ठेवण्याची सोय १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने केलेली होती. दोन्ही मुलांचे मिळून ५६,००० तिकडे सुरक्षित राहिले.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो, "आपण बौद्ध, मग हिंदू कायदा आपल्याला कसा?" वारसा कायदा आणि अज्ञान व पालकत्व कायदा, हे १९५६ चे दोन्ही कायदे बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहेत, असे त्यांतच लिहिलेले आहे. त्या नावाबद्दल समाजात वेगळे मत आहे व ती चर्चा जरूर व्हावी. पण कोर्टात आणि बँकेत आज हेच कायदे चालतात. स्त्रीला वारसाहक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब कायदेमंत्री म्हणून झगडले. ते अडवले गेले, हे १९५१ च्या त्यांच्या राजीनाम्याचे एक कारण होते. त्या बिलातले पुष्कळसे पुढे १९५५-५६ च्या कायद्यांत आले. आपल्या घरातली विधवा आणि मुलगी आज बरोबरीने वाटा मागते, त्यामागे ही लढाई आहे. ते विसरून आपणच मुलीचे नाव गाळू लागलो तर काय म्हणावे?

आणि तसे होणारच होते. गावी वारस नोंदीचा अर्ज लिहिताना एक पाहुणे म्हणाले, "पोरीचं नाव कशाला घालता? ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. उगाच सातबारा लांबतो." वहिनी एरवी मोठ्यांपुढे बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र पदर सावरून म्हणाल्या, "मामा, ती त्यांची लेक आहे ना? मग नाव लागेल." अर्जात चारही नावे गेली.

मुलांची खाती उघडायला वहिनी बँकेत गेल्या तेव्हा तिथल्या बाबूंनी त्यांना परत पाठवले. म्हणे आजोबा किंवा काका यांची सही आणा, नाहीतर कोर्टातून पालकत्वाचे प्रमाणपत्र आणा. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आम्ही बरोबर गेलो. सही करायला नव्हे, तर आमची सही लागत नाही हे सांगायला. अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ६ प्रमाणे वडिलांच्या मागे आई हीच नैसर्गिक पालक असते. काका कुणीही नसतो. उलट नुसता सांभाळ करणाऱ्या नातेवाइकाला मुलाच्या मिळकतीची विल्हेवाट लावता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ११ सांगते.

वडील हयात असतानाही आईची सही चालू शकते, हे १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात ठरले. त्यांनी १९८४ मध्ये आपल्या लहान मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला होता, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यातील "वडिलांनंतर आई" याचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा नव्हे. वडील लक्ष देत नसतील, दूर असतील, तरी आई पालक ठरते. नवरा असून नसल्यासारखा असलेल्या आपल्या कितीतरी भगिनींनी हा निकाल पाठ करून ठेवावा असा आहे.

बाबूंनी साहेबांना विचारले, साहेबांनी पुस्तक पाहिले आणि दोन्ही खाती वहिनींच्या सहीने उघडली गेली.

पैसा ठेवायचा कुठे, याचाही विचार झाला. बारा टक्क्यांच्या पतसंस्थेला आम्ही नाही म्हटले. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ते तेव्हा एक लाखाचे होते, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नसते. आपल्या स्वतःच्या पैशावर माणसाने हवी ती जोखीम घ्यावी, लेकराच्या पैशावर घेऊ नये. मुलाचे १,३५,००० त्याच्या नावाने मुदत ठेवीत गेले. मुलगी दहा वर्षांच्या आत होती म्हणून पोस्टात तिचे सुकन्या समृद्धी खाते उघडून ६०,००० त्यात टाकले व उरलेले ७५,००० मुदत ठेवीत ठेवले. सुकन्याचे पैसे अडकून राहतात हा त्याचा दोष आणि तोच त्याचा गुण. ती अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी अर्ध्यापर्यंत रक्कम काढता येते. आग्रह करणाऱ्या पाहुण्याला "निघत नाहीत" असे खरे उत्तर देता येते.

आणि आईचे १,३५,०००? ते आईने धाकट्याला रिक्षासाठी दिले. आम्हाला कुणी विचारले, तुम्ही अडवले का नाही? का अडवावे? तो वाटा आईचा होता. ज्या न्यायाने नातवंडांचा वाटा कुणी घेऊ नये, त्याच न्यायाने आईच्या वाट्यावर आम्ही पहारा बसवू नये.

खरा कस लागला तो जमिनीच्या वेळी. आमची जमीन वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या, त्यांतली. तीस गुंठे. वडिलांच्या मागे आई, आम्ही तिघे भाऊ आणि बहीण यांची नावे लागली, म्हणजे प्रत्येकी सहा गुंठे. दादांच्या सहा गुंठ्यांचे चार वाटे झाले, दोन्ही मुलांचे मिळून तीन गुंठे. सातबाऱ्यावर मुलांच्या नावापुढे "अ. पा. क." म्हणून वहिनींचे नाव आले. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील मूल ते "अज्ञान."

२०१९ साली रस्त्याकडेला ढाबा काढू पाहणारा एक जण भाव घेऊन आला. धाकट्याला रिक्षाचे हप्ते जड जात होते. तो वहिनींना म्हणाला, "वहिनी, पोरांच्या वतीने तुम्ही हक्कसोड करून द्या. तीन गुंठ्यांत काय पिकणार आहे? पैसे आले की पोरांचे पोरांना देतो." वहिनींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही जे होते ते सांगितले. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकालासुद्धा आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती गरज किंवा मुलाचे उघड हित असेल तरच मिळते. परवानगीवाचून केलेला व्यवहार मूल मोठे झाल्यावर रद्द करून मागू शकते. त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. त्यात जमीन नव्या शर्तीची, म्हणजे सरकारी परवानगीचा प्रश्न वेगळाच. घेणाऱ्याने हे ऐकले आणि तो दुसरीकडे वळला.

धाकटा तीन वर्षे आमच्याशी बोलला नाही. सख्ख्या भावाने समोरून तोंड फिरवून जावे, हे कायद्याच्या कुठल्या कलमात बसत नाही आणि कुठल्या कलमाने भरूनही येत नाही. आई मधल्या मध्ये झुरत असे. २०२२ मध्ये पुतण्या दहावी पास झाला तेव्हा तो पेढे घेऊन आला. जमिनीचा विषय त्यानेही काढला नाही, आम्हीही नाही.

आता हिशेबाची गोष्ट. पहिल्या दिवसापासून आम्ही वहिनींना एक लांब वही करून दिली होती. प्रत्येक मुलाचे पान वेगळे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तारीख, कारण, पावती डकवलेली. वहिनी सातवी शिकलेल्या. पहिले दोन महिने आम्ही लिहिले, नंतर त्या लिहू लागल्या. दादांच्या पेन्शन योजनेतून वहिनींना विधवा वेतन आणि त्याच्या पंचवीस टक्के दराने प्रत्येक मुलाचे वेतन येते. मुलांचे हे वेतन एका वेळी दोन मुलांपर्यंत व पंचवीस वर्षे वयापर्यंत असते. तेही त्या वहीत आले.

२०२० ची टाळेबंदी लागली आणि वहिनींचे शिवणकामाचे कारखाना-काम बंद पडले. घरात धान्य संपत आले, पण त्या मुलांच्या खात्याला हात लावीनात. "भाऊजी, पोरांच्या पैशाचं मी कसं जेवू?" आम्ही समजावले की पालकाने अज्ञानाच्या हितासाठी, म्हणजे त्याच्या जेवणासाठी, शाळेसाठी, औषधासाठी वाजवी खर्च करणे हे त्याच्या पैशाचा गैरवापर नव्हे. मुलाला उपाशी ठेवून त्याची ठेव वाढवणे हे पालकत्व नाही. मग ६,००० रुपये निघाले, तीन-तीन हजार दोघांच्या पानांवर पडले. मुलाची शाळा मोबाइलवर सुरू झाली तेव्हा ८,५०० चा मोबाइल त्याच्या पानावर पडला. त्या काळातल्या नोंदी आज वाचल्या तरी वहिनींचे अक्षर कापलेले दिसते.

२०२४ मध्ये पुतण्या अठराचा झाला. त्याने बँकेत स्वतःच्या सहीचा नमुना दिला, आपले कागद दिले. सातबाऱ्यावरचा आपल्यापुरता अ. पा. क. शेरा कमी करण्यासाठी जन्माच्या दाखल्यासह अर्ज केला. ग्रॅच्युइटीचा वाटा मागितला. खात्यात खर्च जाऊन १,७८,००० होते. आम्ही वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती तासभर वाचली. एकच प्रश्न विचारला, "आजीचे पैसे काकांच्या रिक्षात गेले, मग ते बाबांचेच ना?" आम्ही म्हणालो, "बाबांचे होते, पण त्यांच्या मागे ते आजीचे झाले. जसे हे तुझे झाले." तो गप्प राहिला. पटले की नाही ते आम्ही विचारले नाही.

त्याने त्यातून ४५,००० ची जुनी मोटारसायकल घेतली. वहिनी रडल्या. सात वर्षे पै-पै राखली ती यासाठी का? आम्हालाही बरे वाटले नाही. पण अठरा वर्षांच्या माणसाचा पैसा त्याचाच आहे. आपल्या मनासारखा खर्च करील तेवढ्यापुरताच त्याचा हक्क मान्य करायचा, तर तो हक्क नव्हे, आपली मेहेरबानी झाली. बाकीच्या पैशातून त्याने पॉलिटेक्निकची फी भरली आहे. मोटारसायकलवरून तो कॉलेजलाच जातो.

वाचकहो, घरोघरी हे प्रसंग येतात, म्हणून चार गोष्टी सांगून थांबतो. आजच आपले पीएफचे नामांकन पाहून घ्या. लग्नाआधीचे असेल तर नवे करा. पीएफला जोडलेला विमा सात लाखांपर्यंत मिळू शकतो, तो मागायचा असतो हेच पुष्कळ घरांना ठाऊक नसते. विम्यात लहान मूल नॉमिनी असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणारा अपॉइंटी नेमा, आणि तो भिडेला बळी पडणारा नसावा. वारस नोंदीत मुलीचे नाव गाळू नका. मुलाच्या जमिनीवर परवानगीवाचून हक्कसोड लिहून देऊ नका. वारशाच्या रकमेवर कर लागत नाही, इस्टेट ड्युटी १९८५ सालीच गेली. मात्र अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज सामान्यतः आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात धरले जाते, हे ध्यानात ठेवा. कोर्टाची पायरी चढावी लागली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि वही ठेवा. रक्कम वीस हजार असो की दोन लाख, मूल अठराचे होईल त्या दिवशी त्याच्यापुढे ठेवता येईल असा हिशेब असावा. आमच्या पुतणीचे पान अजून चालू आहे. २०२८ मध्ये ती अठराची होईल. वहिनी दर महिन्याला त्यावर लिहितात, आणि हल्ली पुतणी शेजारी बसून बेरीज तपासते.